बिनभांड्याची पंगत

माझ्या हातच्या वांग्याच्या भाजीला ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच घरात किरायाने राहत होता.

ही भाजी म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्या गोंदियाकडे कामठ्यापासून आमगावापर्यंत कोणाच्याही लग्नात जा. मांडवामागे चर खणलेला दिसेल, चरावर गंज, म्हणजे मोठाली पातेली, चढलेले दिसतील, आणि खांद्यावर दुपट्टा टाकून जो म्हातारा सगळ्यांवर ओरडत असेल, तो मी. माझी शाळा चौथीत सुटली, पण भाजी कधी बिघडली नाही. वांगे-आलूची रस्सा भाजी. वरातीतले तोंड वाकडं करणारे पाहुणेसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेतात. आणि हा माणूस! नवा किरायादार म्हणून पहिल्या दिवशी मी स्वतः ताट नेऊन दिलं. त्याने ते उभ्याउभ्या खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाला, “चालतंय की, मालक.”

पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. सून म्हणाली, “मामाजी, ते कोल्हापूरकडचे हायेत. तिकडं चांगल्याले असंच म्हंतात.”

“मंग लय चांगल्याले काय म्हंतात?”

“तेच म्हनत असतीन.”

“अन् वाईटाले?”

सून ताट उचलून आत गेली.

बिरसीच्या विमानतळावर तो आगीच्या गाडीवर होता. तिथे पोरं विमान चालवायला शिकतात आणि दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवरून घरघर करत फिरतात. ती नीट उतरेपर्यंत याने आपल्या बंबापाशी तयार उभं राहायचं. एकदा मी विचारलं, “आतापर्यंत किती आगी इझवल्या जी?”

“इथं? एक पण नाही.”

“मंग पगार कायचा घेता?”

“न लागलेल्या आगीचा.”

असा माणूस. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही, मिशी काळी आणि डोकं पांढरं. झोपताना बूट खाटेच्या पायथ्याशी असे ठेवायचा की त्यात पँटचे पाय आधीच खोचलेले असत. उठला की दोन्ही पाय सरळ आत, पँट वर, आणि निघाला. माझ्या सुनेला हे ठाऊक नव्हतं. एका दुपारी तो रात्रीची पाळी करून झोपला होता आणि हिच्या कुकरने शिट्टी दिली. शिट्टी संपते न संपते तो हा बूट, पँट आणि अंगात काही नाही अशा अवतारात बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. “कुठंय?” म्हणाला. सून भिंतीला चिकटली. म्हणाली, “भाऊजी, वरन हाये.” त्याने कुकर पाहिला, गॅसची नळी पाहिली, “चालतंय की,” म्हणाला आणि परत जाऊन झोपला. तेव्हापासून कुकर ठेवण्याआधी सून अंगणातून ओरडायची, “भाऊजी, शिट्टी होनार हाये!” गल्लीतल्या लोकांना वाटायचं, आमच्या घरी रोज आगगाडी येते.

पोरं त्याला बंबकाका म्हणायची. मोठ्या माणसांशी तो फार बोलत नसे. पोरांशी मात्र पोरासारखा वाद घालायचा, आणि हरला तर रुसायचा.

तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, माझी आमराई आहे. तलाव आमच्या वाडवडिलांनी बांधला, हे मी सांगितल्याशिवाय कोणाला राहवत नाही, म्हणजे मला राहवत नाही. हिवाळा लागला की हा शनिवारी दुपारपासून गावातली दहा-बारा पोरं घेऊन तिथे जायचा. दोन आंब्यांना दोर बांधून वर प्लॅस्टिकची झिल्ली टाकली की तंबू झाला. रात्री पोरं त्यात झोपत आणि सकाळी तोंड धुऊन घरी येत. जागा वापरायची परवानगी मी दिली होती. जेवणाचं मला कोणी विचारलं नव्हतं.

सोबत काय आणायचं, तर एक वांगं नाहीतर आलू, मूठभर कणीक, कागदात मीठ, आणि ज्याच्या घरी कोंबडी असेल त्याने अंडं. भांडं आणायचं नाही. ताट नाही, वाटी नाही, तवा नाही. मी म्हटलं, “काऊन जी? गावात भांड्यांचा दुष्काळ पडला का?”

तो म्हणाला, “भांडं आलं की घासणारी आली. घासणारी आली की पोरगं बसून खाणार. आपल्याला बसून खाणारी पोरं नकोत, मालक.”

एका शनिवारी मी पाळीवरून जाताजाता उभा राहिलो. पाहायला नाही, सहज. पोरांनी गोवऱ्यांचे निखारे केले होते. एक पोट्टा पळसाची पानं पुसत होता. त्याने कणकेचा जाड गोळा थापला, खाली पान, वर पान, आणि निखाऱ्यात दाबला. ही आपली अंगाकर रोटी, माझी आजी करायची. एक पोट्टी कणकेची दोरी करून ओल्या काडीला गुंडाळत होती आणि काडी निखाऱ्यावर फिरवत होती. तिसऱ्याने संत्रं मधोमध कापून खाऊन टाकलं होतं, त्या सालीच्या वाटीत अंडं फोडलं, चिमूट मीठ टाकलं आणि वाटी राखेत बसवली. केळं सालासकट भाजून, साल चिरून वर गुळाचा खडा. टमाटर आणि वांगं निखाऱ्यावर, मग सोलून पानावरच कुस्करलं, वर कच्चा कांदा. लहान लेकरं भांड्याशिवाय जे करू शकतील ते सगळं. मोठ्या पोरांना तो वेळूच्या पेऱ्यात तांदूळ-डाळ भरून खिचडी शिजवू द्यायचा.

पण त्याची खरी तऱ्हा पुढे आहे. पहिल्या शनिवारी त्याने पोरांना जेवूच दिलं नव्हतं. आधी दोन बादल्या पाणी आणि एक टोपलं रेती भरून घेतली. जाळाभोवती जमीन ओली करून घेतली. मग जाळ पेटवला आणि म्हणाला, “विझवा.” विझवला. “हात लावून बघा, उलटा हात.” राख गरम. पुन्हा पाणी. पुन्हा हात. राख थंड झाली तर पुन्हा पेटवला आणि पुन्हा म्हणाला, “विझवा.” अंधार पडेपर्यंत हेच. पोरांनी कोरडे मुरमुरे खाऊन पोट भरलं. आईबापांनी विचारलं, काय शिकले? पोरं म्हणाली, आग विझवायला. “आधी पाणी, मग काडी,” हे त्याचं वाक्य गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं.

माझा त्याच्याशी इथेच खटका उडाला. आमच्या धंद्यात लग्नाच्या चुलीवर पाणी ओतत नाहीत. ज्या चुलीने गाव जेववलं, ती आपली आपण शांत होते. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “मालक, आपण शांत होते म्हणजे आपण जाऊन झोपतो. ती कुठं झोपते?”

“मी जिंदगीत चुलीवर पानी टाकलं नाई अन् टाकनार नाई.”

“नका टाकू. माझ्या पोरांना नका शिकवू म्हणजे झालं.”

माझ्या पोरांना म्हणे! त्यातली एक माझी नात होती.

टिनी आठ वर्षांची. ती बिस्किटं खायची आणि त्या पिवळ्या पाकिटातल्या शेवया. बाकी सगळ्याला तिचं एकच उत्तर, “नको.” तिची माय ताट घेऊन अंगणभर मागे धावायची. जगाने माझ्या हातचं वांगं खाल्लं, पण माझ्या नातीने कधी जिभेला लावलं नाही. ही गोष्ट मी कोणाला सांगत नसे. ती त्या आमराईत जाऊन सकाळी परत आली तर तोंड कानापर्यंत काळं.

“काय खाल्लंस वो?” मी विचारलं.

“वांगं.”

“कोनतं वांगं?”

“मीच भाजलेलं. आबाजी, त्याचं साल आपोआप निघते, मालूम हाये तुमाले?”

मला मालूम आहे का! घरात जाऊन पाणी प्यायलो. सून मात्र नात्यागोत्यात सगळ्यांना फोन करून सांगत होती, टिनी जेवली, टिनी वांगं जेवली, जशी काही पोरीला नोकरी लागली.

मग ते झालं. शेजारच्या बंटीने घाईघाईत निखाऱ्यातून रताळं हाताने ओढलं आणि बोटाला फोड आला. बंबकाकाने त्याचा हात बादलीतल्या पाण्यात कितीतरी वेळ धरून ठेवला, गोष्टी सांगत. पोरगं रडलंही नाही. पण सकाळी बंटीची माय नळावर उभी राहिली.

“इझवनाऱ्यानंच पोट्टं जाळलं माहं!” ती म्हणाली. “घरी लेकरं नाईत त्याले, त्याले काय जाते?”

नळावर निघालेली गोष्ट दुपारपर्यंत साऱ्या गावाची होते. पुढच्या शनिवारी एकही पोर आमराईत गेलं नाही. सुनेनेही टिनीला पाठवलं नाही. मी पाळीवरून जाताजाता पाहिलं, सहजच. झिल्ली बांधलेली होती. दोन बादल्या भरलेल्या, टोपल्यात रेती, भोवतीची जमीन ओली केलेली. हा एकटा बसून एक रताळं भाजत होता. भाजून झालं, खाल्लं, राख विझवली, उलटा हात लावला, झिल्ली काढली.

घरी येऊन म्हणाला, “मालक, या महिन्यानंतर खोली सोडीन म्हणतो. गोंदियात बघतो एखादी.”

“कायले? इथून बिरसी जवर पडते.”

“जवळ पडतं. पण शनिवारी काय करू?”

त्या रात्री टिनीने ताट सारलं. “नको,” म्हणाली. माय पुन्हा अंगणभर धावू लागली.

एवढ्यावरही मी काही केलं नसतं, कारण मला कोणी विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर बंटीचा बाप भेटला. “बरं झालं बुढाजी,” तो म्हणाला, “तुमच्या आमराईतलं धुपट बंद झालं. आता आमी तिथं कोनालेच जाऊ देत नाई.”

“कोन जाऊ देत नाई?”

“आमी. गाववाले.”

“आमराई कोनाची?”

“तुमची.”

“तलाव कोनी बांधला?”

“झालं! हे सुरू झाले.” पानवाला हसला. “भैया, अब बैठ जाओ, दो घंटा लगेगा.”

मी बसलो नाही. माझ्या आमराईत कोणी यायचं नाही हे ठरवायचं असेल तर मी ठरवीन. आणि मी ठरवलं की सगळी पोरं येतील.

शनिवारी मी एक लहान गंज आणि झारा घेऊन आमराईत गेलो. तो बादल्या भरत होता. मी म्हटलं, “आज सयपाक मी करतो. मह्या हातचं हाये म्हटल्यावर कोनती माय नाई म्हनते ते पाहू.”

“भांडं?” तो गंजाकडे बघून म्हणाला.

“भांडं मी घासीन.”

त्याने दुसरी बादली भरून ठेवली. मग म्हणाला, “दहा-बारा पोरांपुरतंच करा. उरलं तर मातीत जातं. लहान माप जमंल नव्हं?”

मला हे विचारतो! खरं सांगायचं तर लग्नाच्या गंजाहून लहान मापाची मला सवय नव्हती. पण विचारलं म्हटल्यावर मी तांदूळ असे मोजले की सोनाराने पाहावे. बारा पोरांची खिचडी, एक घास इकडे नाही की तिकडे नाही. मग गंज चढवून, बंबकाकाला जाळाजवळ बसवून, मी पोरांना बोलवायला गावात गेलो.

आता आमच्याकडे आवतनाची एक रीत आहे. घरातल्या एकाला बोलवायचं तर नाव घेऊन सांगतात. पूर्ण घराला बोलवायचं तर ‘चूलबंद’ म्हणतात. म्हणजे आज तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे जेवायला. लग्नाच्या दिवशी सकाळी आचारी म्हणून मी गावभर तेच सांगत फिरतो. वर्षानुवर्षं दुसरं काही सांगितलंच नाही. त्या दिवशी मी पहिल्या दारासमोर उभा राहिलो, गळा साफ केला, आणि तोंडातून निघालं, “आज आमराईत जेवन हाये बाप्पा, चूलबंद!”

लोक म्हणतात, बुढा चुकला. मी चुकलो नाही. तोंडाला जी सवय होती ते तोंड बोललं. आणि एका दारात चूलबंद म्हणून दुसऱ्या दारात नुसती पोरं मागता येतात का? बंटीच्या दारासमोरही तेच म्हटलं. त्याची माय पीठ मळायला बसली होती. तिने परात बाजूला सारली. चूलबंदला नाही म्हणणं म्हणजे घराण्याशी भांडण. तेवढं तिचं माझ्याशी नव्हतं.

मी परत येऊन खिचडीला फोडणी दिली. सूर्य पाळीला टेकत आला आणि पाळीवरून पहिली ओळ दिसली. पुढे पोरं, मागे आया, मागे बाप, मागे काठी टेकत म्हातारे. सगळ्यांच्या हातात आपापले पाण्याचे लोटे. आमची पूर्ण गल्ली, आणि मागच्या गल्लीनेही ऐकलं होतं.

“मालक,” बंबकाका म्हणाला, “बारा पोरं?”

ज्या आचाऱ्याच्या पंगतीतून लोक उपाशी उठले, त्याला पुन्हा कोणी चर खणायला बोलवत नाही. घरी सगळ्यांच्या चुली बंद, आणि माझ्या गंजात बारा पोरांची खिचडी, एक घास इकडे नाही की तिकडे नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. इतक्या महिन्यांत मी त्याचे दात पाहिले नव्हते, त्यातला एक चांदीचा निघाला. मग त्याने गळ्यातली शिट्टी फुंकली आणि बंबावर असल्यासारखा ओरडला, “घरात चूल बंद आहे, कणीक तर आहे ना? पळा! वांगी मालकांच्या वाडीतली, रताळी मालकांची, अंडी ज्याची त्यानं. आज पोरं वाढतील, मोठी माणसं बसतील!”

घरामागची माझी भाजीची वाडी त्याने मला न विचारता देऊन टाकली.

पोरं पळाली. आणि मग मी ते पाहिलं. कणीक आली, पण काडी कोणी लावली नाही. आधी पोरांनी तलावातून पाणी आणलं. माणसांची साखळी केली, आपल्या बापांनाच साखळीत उभं केलं. रेती आणली. जमीन ओली करून भोवती रेष ओढली. बंटी बोटाला चिंधी बांधलेल्या हाताने ओरडत होता, “बाबा, मांगं सरका! रेषेच्या आत नाई याचं!” आणि त्याचा बाप, पानठेल्यावर गावाच्या वतीने बोलणारा, मागे सरकला. मग काडी.

पाळीखाली एकामागे एक जाळ झाले. पळसाची पानं संपली तशी बाया स्वतः तोडायला उठल्या. “अवं, असं नाई दाबाचं, फाटते,” सात वर्षांचं लेकरू आपल्या आजीला सांगत होतं. आजी म्हणाली, “तुह्या बापाले मीच खिलवली रे अंगाकर!” आणि तरी तो म्हणाला तशी दाबली. एका म्हाताऱ्याने काडीवरची रोटी जाळली, तर पोट्टी त्याला म्हणाली, “आबाजी, तुमी बसा, तुमच्यानं नाई होत.” गल्लीभर हशा.

बंटीने राखेतून एक रताळं काडीने बाहेर ओढलं. हाताने नाही. पानावर ठेवलं, फुंकलं, सोललं आणि मायच्या तोंडासमोर धरलं. ती त्याच्या चिंधीच्या बोटाकडे पाहत राहिली. मग तोंड उघडलं. खाताखाता तिने बंबकाकाला हाक मारली, “भाऊजी, तुमी काई खाल्लं का नाई? का नुसतेच शिट्ट्या फुंकून रायले?”

मी माझा गंज घेऊन एका बाजूला बसलो होतो. खिचडी म्हाताऱ्यांना वाटून टाकली होती, बिनदातांच्यांना. टिनी आली. तिच्या हातात पळसाचं पान होतं, पानावर कुस्करलेलं वांगं, वर कांदा.

“आबाजी, खा.”

मी खाल्लं. मीठ कमी होतं. ते मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

“कसं झालं?” ती म्हणाली.

ती माझ्याच तोंडाकडे पाहत होती. चांगलं म्हणावं तर खोटं, वाईट म्हणावं तर त्याहून खोटं. त्या क्षणी मला कळलं, तो माणूस तसं का म्हणत होता.

“चालते की,” मी म्हटलं. आणि ती उड्या मारत गेली.

सगळे उठले तसे जाळ विझू लागले. पोरं पाणी ओतत, उलटा हात लावत, पुढच्या जाळाकडे जात. शेवटी माझ्या गंजाखालची चूल उरली. पोरं बादली घेऊन तिच्यापाशी थांबली. बंबकाकाही आला. सगळ्या गावाला माहीत होतं की मी चुलीवर पाणी टाकत नाही.

मी टोपलं ओढलं. ओंजळीने रेती घेतली आणि निखाऱ्यांवर टाकली. पुन्हा घेतली. पूर्ण चूल झाकली. मग उलटा हात लावला. गरम. अजून रेती. अजून हात.

“थंड,” मी म्हटलं. “मातीनं. पानी नाई टाकलं.”

त्याने खाली वाकून स्वतःचा हात लावून पाहिला.

“चालतंय की, मालक.”

खोली त्याने सोडली नाही. नंतर कितीतरी हिवाळे राहिला. आता सरकारने त्याची बदली केली आहे, लांब, समुद्राच्या बाजूला. तिथेही काही जळत नाही म्हणतो. त्याची खोली मी दुसऱ्याला दिलेली नाही, झिल्ली आणि बादल्या ठेवायला जागा पाहिजे. शनिवारी पोरं येतात. मोठी झालेली टिनी लहानांना शिकवते आणि मी बाजूला बसतो, सहजच.

अंधार पडला की माझ्या मोबाईलची घंटी वाजते.

“मालक, राख?”

“थंड.”

“पाण्यानं?”

“मातीनं.”

तिकडे तो हसतो, चांदीचा दात मला इकडून दिसतो. “चालतंय की,” म्हणतो आणि फोन ठेवतो.